सायटिका: कळ कुठपर्यंत उतरते, त्याच्या नोंदी

९ जानेवारी

उजव्या कमरेतून निघालेली कळ कुल्ल्यातून मांडीच्या मागे, तिथून पोटरीत आणि आता पावलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत उतरली आहे. करंगळीला मुंग्या. खोकला किंवा शिंक आली की पायातून चमक जाते. कंबर स्वतः फारशी दुखत नाही, सगळा ठणका पायात आहे. नुसती उसण भरली तर दुखणं कमरेत किंवा फार तर मांडीत थांबतं. गुडघ्याखाली उतरलं की नसेचं मूळ, म्हणजे ती कण्यातून निघते ती जागा, डिवचलं गेल्याची शक्यता मोठी. हीच सायटिका: कमरेतून पायात उतरणाऱ्या सायटिक नसेचं दुखणं.

आजपासून वही ठेवतोय. रोज चारच गोष्टी लिहायच्या: कळ खाली कुठवर पोचली, सलग किती वेळ बसता आलं, सलग किती चालता आलं, आणि एका पायाच्या चवड्यावर टाच उचलून किती वेळा उभं राहता आलं. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे नाहीत. रात्री झोप लागली नाही की सहाचे आठ होतात, दिवस बरा गेला की आठाचे पाच. कळ पोटरीत आहे की मांडीत, हे मात्र बोट ठेवून दाखवता येतं.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात वेगळी यादी. लघवी अडकणं किंवा झाल्याचं न कळणं, शौचावरचा ताबा सुटणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, कळ किंवा अशक्तपणा दोन्ही पायांत उतरणं, पाऊल उचलेनासं होणं. यातलं काहीही झालं तर वही बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी विभाग गाठायचा, रात्र असली तरी. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेला तर काही तासांचा उशीरही कायमचं नुकसान करू शकतो. ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा जोराचा अपघात यांपैकी काही सोबत असेल तरी घरगुती उपाय करत बसू नये. घरात दुसऱ्या कुणाला तरी ही यादी वाचायला द्या. वेदनेत असलेला माणूस ‘सकाळी बघू’ म्हणतो.

११ जानेवारी

डॉक्टरांनी तपासलं. पाठीवर झोपवून, गुडघा सरळ ठेवून उजवा पाय उचलला. ४० अंशांच्या आसपास कळ थेट पावलात. साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पाय उचलल्यावर कळ गुडघ्याखाली गेली, तर चकतीने, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीने, नस डिवचल्याचा संशय बळावतो. डावा, म्हणजे चांगला पाय उचलला तरी उजव्यात कळ आली. ही खूण कमी लोकांत दिसते, पण दिसली की संशय आणखी पक्का होतो.

मग टाचांवर चालायला लावलं, ते जमलं. चवड्यांवर चालताना उजवी टाच खाली बसत होती. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारल्यावर डावं पाऊल उडालं, उजवं जेमतेम हललं. या तीन गोष्टींवरून डॉक्टरांनी कुठलं मूळ ते सांगितलं. (एल म्हणजे कमरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्याखालचं त्रिकास्थी हाड; आकडा त्यातला क्रमांक.) एल ४ असेल तर दुखणं नडगीच्या आतल्या बाजूला जातं आणि गुडघ्याचा झटका मंदावतो. एल ५ असेल तर पायाच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वर आणि अंगठ्याकडे जातं, टाचेवर चालणं जड होतं. एस १ असेल तर पोटरीच्या मागून करंगळीकडे, आणि चवड्यावर उभं राहणं जड. माझं एस १. सायटिक नस एल ४ पासून एस ३ पर्यंतच्या मुळांतून बनते, पण बहुतेकांच्या कहाणीत शेवटच्या दोन गाद्यांपैकीच एक दोषी असते.

एमआरआय लगेच नको म्हणाले. ताकद झपाट्याने कमी होत नसेल आणि पहिल्या पानावरचं काही नसेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत अहवालाने उपचार बदलत नाही. बहुतेकांची सायटिका सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरीच उतरते. मात्र चवड्याचा आकडा रोज मोजायला त्यांनीही सांगितलं. आज डावा २२, उजवा ७.

१४ जानेवारी

अंथरुणावर पडून राहण्याचा प्रयोग बंद. दोन दिवस जवळजवळ पूर्ण आडवं राहिल्यावर नोंदीत काय दिसतं? कळ पावलातच, आणि उठून पहिली पावलं टाकताना आधीपेक्षा जास्त. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या रुग्णांवर नेमका हाच अभ्यास झाला होता: काहींना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, काहींना नेहमीसारखं वावरायला सांगितलं. पडून राहणाऱ्यांना काहीच जास्त फायदा झाला नाही.

आता नियम असा: आडवं व्हायचं ते थोड्या वेळासाठी, कळ शांत करण्यापुरतं. पाठीवर असताना गुडघ्यांखाली दोन उशा, कुशीवर असताना गुडघ्यांच्या मध्ये एक. मधली उशी घोट्यापर्यंत पोचायला हवी. छोटी उशी ठेवली तर वरचं पाऊल खाली लोंबतं, कंबर पिळली जाते आणि पहाटे जाग येते. लांब उशी मिळाल्यापासून सलग झोप लागतेय.

१७ जानेवारी

सकाळचा पहिला तास सगळ्यात वाईट का, ते आज नीट समजलं. रात्री आडवं असताना गाद्यांवरचा भार कमी होतो आणि त्या पाणी शोषून फुगतात. म्हणूनच सकाळी माणूस एखाद-दोन सेंटीमीटर उंच भरतो. फुगलेली गादी वाकल्यावर जास्त ताणली जाते. मी नेमका त्याच तासात तोंड धुवायला बेसिनवर वाकत होतो, मोजे चढवत होतो.

बदल केले ते असे. उठताना आधी कुशीवर वळायचं, गुडघे वाकवलेले, पाय पलंगाबाहेर सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने धड वर ढकलायचं. धड आणि पाय एकत्र, तराजूच्या दांडीसारखे. मधे थांबलं की कळ येतेच. बेसिनशी उभं राहताना एक हात कडेवर टेकवायचा, एक पाऊल खालच्या ठोकळ्यावर आणि वाकायचं ते खुब्यातून. मोजे सर्वांत कठीण. बसून पुढे वाकणं जमत नाही. आडवं पडून गुडघा छातीकडे घ्यायचा तर पाठ गोल होते. शेवटी जमलं ते उभ्याने: एक हात भिंतीला, उजवा पाय मागे गुडघ्यात दुमडून स्टुलावर, आणि दुसरा हात मागे नेऊन टाचेकडून मोजा चढवायचा. वेळ लागतो. पण सकाळची कळ पावलातून पोटरीपर्यंत वर आली, ती या एका तासाची काळजी घ्यायला लागल्यावर.

२२ जानेवारी

कळ परत पावलात. कारण वहीत दिसतं: कालपासून मांडीच्या मागचे स्नायू ताणणं सुरू केलं होतं. पाय टेबलावर, गुडघा सरळ, पुढे वाकायचं. मांडीच्या मागे ओढ लागते म्हणून स्नायू आखडलाय असं वाटतं. मुळात ओढ नसेची आहे. डिवचलेली नस ताणली की ती आणखी डिवचते, आणि त्याचा हिशोब काही तासांनी येतो. ताणताना बरंच वाटतं, म्हणून तर हा व्यायाम इतका सांगितला जातो. नुकसान रात्री कळतं.

ओळखायची पद्धत फिजिओथेरपिस्टने दाखवली. ओढ जाणवेल तिथे थांबायचं आणि हनुवटी छातीला लावायची. मानेच्या हालचालीने पायातली ओढ वाढली तर ती नसेची, कारण मानेपासून पायापर्यंत नसांचं आवरण सलग आहे. स्नायूला मानेशी देणंघेणं नाही. हे करून पाहिलं, पायातली ओढ लगेच वाढली. ताणणं बंद.

२८ जानेवारी

पहिल्यांदा काहीतरी उलटं फिरलं. पोटावर पडून आधी काही मिनिटं तसंच, मग कोपरांवर छाती उचलून. पहिल्या वेळी कमरेत दुखणं वाढलं, घाबरून उतरणार होतो. फिजिओथेरपिस्टने विचारलं, पायात कुठवर आहे? पाहिलं तर पोटरीतलं कमी होऊन मांडीपर्यंत आलं होतं. कंबर जास्त दुखली तरी चालेल, पाय मोकळा होतोय ना, हे बघायचं. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी १९५० च्या दशकात हे पाहिलं आणि पुढे त्यावर तपासणीची पद्धत उभी केली: ज्या हालचालीने कळ पायातून कण्याकडे सरकते ती हालचाल तुमची, जिच्याने खाली सरकते ती सध्या नको.

प्रत्येकाची दिशा पाठीमागे वाकण्याचीच असते असं नाही. वयस्कर माणसाच्या कण्यातली नळी अरुंद झालेली असेल तर मागे वाकल्याने पाय जड होतात आणि पुढे वाकल्याने, बसल्याने बरं वाटतं. चित्र बघून व्यायाम उचलू नका, आधी आपली दिशा तपासून घ्या. माझी मागे आहे, म्हणून दर दोन-तीन तासांनी कोपरांवर, नंतर हातांवर. व्यायामानंतर कळ वर सरकली आणि वरच राहिली तर चालू ठेवायचं. उतरली तर त्या दिवशी बंद.

५ फेब्रुवारी

बसणं. नोंदीप्रमाणे १५ मिनिटांनंतर पोटरी बोलायला लागते. महागडी खुर्ची आणली, जिच्यात बरेच पैसे गेले, तिने ती मर्यादा १८ वर नेली. एवढंच. पुढे झुकून बसलं की गादीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा वाढतो, आणि कुठलीही खुर्ची माणसाला अर्ध्या तासानंतर पुढे झुकण्यापासून थांबवत नाही. फुकटचे दोन उपाय जास्त उपयोगी पडले: दुमडलेला टॉवेल बुडाखाली मागच्या बाजूला, म्हणजे खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहतो, आणि १२ मिनिटांचा गजर. कळ येण्याआधी उठायचं, आल्यावर नाही. फोनवर बोलणं पूर्ण उभ्याने. पाकीट मागच्या खिशातून काढलं, ते कुल्ल्यात थेट नसेवर दाब देतं.

कमरेचा पट्टा काही दिवस वापरला. बांधल्यावर धीर येतो, पण वहीतल्या चारही आकड्यांत फरक शून्य. ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताणण्याचा उपचार, सुचवलं गेलं, घेतलं नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना पट्टा आणि ट्रॅक्शन दोन्ही देऊ नका असंच सांगते.

११ फेब्रुवारी

औषधं थोडक्यात. सूज उतरवणारी गोळी डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी, जेवणानंतर आणि पोटाच्या संरक्षणासाठी दुसऱ्या गोळीसोबत दिली. रात्रीची झोप तिने वाचवली. कळीची जागा तिने बदलली नाही. मूत्रपिंड, पोटातला व्रण किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ती स्वतःहून घेऊ नये. ‘नसेची गोळी’ म्हणून प्रेगाबालिन घ्यायचा आग्रह अनेकांनी केला. सायटिकावर तिची नीट चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली: आठ आठवड्यांनंतर औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा फायदा नाही, चक्कर मात्र जास्त. डॉक्टरांशी बोलून ती सोडून दिली.

४ मार्च

आजची नोंद सगळ्यांनी वाचावी. गेल्या आठवड्यात कळ भराभर कमी झाली, पोटरी जवळजवळ मोकळी. घरातल्यांना आनंद. पण चवड्याचा आकडा: ७, ६, ४, आज ३. जिना चढताना उजवी टाच खाली पडते. दुखणं कमी आणि ताकदही कमी, याचा अर्थ नस सुटतेय असा नसतो. फार दाबलेली नस दुखणं बंद करू शकते. नुसती वेदना मोजत असतो तर आज पेढे वाटले असते.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. आता एमआरआय.

९ मार्च

अहवाल: एल ५ आणि एस १ यांमधली गादी उजवीकडे मागे बाहेर आलेली, एक तुकडा सुटून खाली सरकलेला, एस १ च्या मुळाला टेकलेला. शिवाय वरच्या दोन गाद्यांनाही झीज आणि फुगवटा लिहिलाय. तो भाग वाचून पाठीचा कणा संपलाच असं वाटतं. वास्तविक काहीच दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचे अभ्यास एकत्र करून २०१५ साली मांडले गेले, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत गादीची झीज दिसली. म्हणून अहवालातली ओळ खरी कधी मानायची? पायातली जागा, ताकद आणि हातोडीची तपासणी तिच्याशी जुळली तर. माझ्याकडे एकच ओळ जुळते, सगळ्यात खालच्या गादीची. वरच्या दोन सोडून दिल्या.

आश्वासक गोष्ट अशी की सुटलेला मोठा तुकडा नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आपोआप विरतो. शरीर त्याला परका समजून हळूहळू खाऊन टाकतं.

१३ मार्च

शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांनी घाई केली नाही आणि टाळाटाळही. २००७ सालची डच चाचणी समोर ठेवली: सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्यांपैकी काहींवर लवकर शस्त्रक्रिया, काहींना थांबवून उपचार. शस्त्रक्रियेने पाय लवकर मोकळा झाला. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के बरे. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली, हेही सांगितलं. माझा चवड्याचा आकडा चार दिवस ३ वरच थांबलाय. ठरलं ते असं: दोन आठवडे थांबायचं, दर तीन दिवसांनी ताकद तपासायची, आकडा २ वर आला किंवा पाऊल उचलायला जड गेलं तर शस्त्रक्रिया. कोणत्या आकड्यावर निर्णय बदलेल हे आधी लिहून ठेवल्यामुळे रात्रीची घालमेल बरीच कमी झाली.

२६ मार्च

चवडा ५. कळ कुल्ल्यात. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

१५ एप्रिल

चवडा ९. चालणं आता मुख्य औषध. सुरुवात पाच मिनिटांनी, सपाट रस्त्यावर, दिवसातून अनेकदा. कळ मांडीखाली उतरली नाही तर दोन दिवसांनी थोडं वाढवायचं. हात मोकळे हलले पाहिजेत. पिशवी एका हातात असली की त्याच दिवशी आकडा घसरतो.

नसेची हालचालही सुरू केली, ताणणं नव्हे. खुर्चीच्या कडेवर ताठ बसून गुडघा सरळ करत जायचं आणि त्याच वेळी मान वर न्यायची. गुडघा दुमडताना हनुवटी खाली. एका टोकाला ओढ आली की दुसऱ्या टोकाला ढील, म्हणजे नस सरकते, ताणली जात नाही. मोजून हळूहळू, कळ येण्याच्या अलीकडे थांबायचं. जानेवारीत हे केलं असतं तर झेपलं नसतं.

१० मे

मोटारीचा लांब प्रवास, मग बॅग मागच्या सीटवरून पिळून उचलली. रात्री कळ पोटरीत. अशा वेळी डोक्यात पहिलं येतं की सगळं पाण्यात गेलं. चवडा मोजला: १३, म्हणजे तसाच. ताकद जागेवर आहे तोवर हा भडका आहे, नवी दुखापत समजायचं कारण नाही. जुन्या पानांवर परत गेलो: सकाळचा तास सांभाळणं, कोपरांवर पडणं, १२ मिनिटांचा गजर, छोटं चालणं. आठवड्याच्या आत कळ पुन्हा कुल्ल्यात. प्रवासात आता दर पाऊण तासाला गाडी थांबवून खाली उतरायचं आणि सामान दुसऱ्याने उचलायचं, यात संकोच नाही.

२० जून

वजन उचलायला सुरुवात. कंबर जपायची म्हणून आयुष्यभर काहीच उचलायचं नाही, हा सल्ला मला पटत नाही. न वापरलेली पाठ पहिल्याच बादलीला हार मानते. रिकामी बादली, मग पाव भरलेली. अंगाला लागून, खुब्यातून वाकून, वळायचं असेल तर पावलं फिरवायची, कंबर नाही. सोबत तीन व्यायाम, कॅनडाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या पद्धतीतले: पाठीवर पडून डोकं-खांदे किंचित उचलणं, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ धरणं, आणि हातापायांवर ओणवं होऊन उलट हात-पाय लांब करणं. प्रत्येक स्थिती दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. थकून थरथरेपर्यंत केलं की दुसऱ्या दिवशी कंबर आखडते, हे दोनदा पाहिलं.

१८ ऑगस्ट

चवडा उजवा १९, डावा २२. सलग बसणं पाऊण तास. चालणं रोज अर्धा तास. पावलाच्या बाहेरच्या कडेवर बोटभर जागा अजून बधिर आहे, आणि हातोडीला उजवं पाऊल अजून उडत नाही. तो झटका कधीच परत न येण्याचीही शक्यता आहे आणि त्याने चालण्यात काही अडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बधिरपणा ताकदीच्या मागून, सावकाश कमी होतो.

चालणं सोडणार नाही, त्याला ठोस कारण आहे. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या लोकांवरची ऑस्ट्रेलियातली चाचणी २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. चालणं हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच वेळा अर्ध्या तासापर्यंत नेणाऱ्यांत पुढचा त्रास यायला मधल्या हिशोबाने (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) २०८ दिवस लागले, काही न करणाऱ्यांत ११२. ती चाचणी कंबरदुखीची होती, सायटिकाची नव्हती. तरी इतक्या स्वस्त उपायाचा एवढा पुरावा मला पुरेसा आहे.

वही आता फक्त रविवारी. तेच चार आकडे. चवड्याचा आकडा लागोपाठ दोन रविवारी घसरला तर फोन करायचा, कळ असो वा नसो.